कोंबड्यातली खाणावळ

शाळेत जाता-येता मी मान खाली घालून चालत असे, त्यामुळे आमच्या भागातल्या गुत्त्यांची ओळख मला पायांवरून झाली. इंग्रजीत त्यांना पब म्हणत, शेजारपाजारचे लोक बार म्हणत. आमच्या घरात सरसकट एकच शब्द होता, गुत्ता. प्रत्येक गुत्त्याला स्प्रिंगचे अर्धे दरवाजे असत. वरून माणसांची डोकी दिसत, खालून पाय, मधलं सगळं झाकलेलं. डोक्यांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. पाय मात्र मी नीट बघून ठेवले होते. अगदी लहानपणी दिसत ते लष्करी बूट. मग रेल्वेच्या गार्डांचे, मग पेन्शनरांचे, टाचा झिजलेले पण पॉलिश न चुकलेले. एक तपकिरी जोडा होता, त्यातला उजवा बूट सारखा ताल धरून असायचा. तो माणूस दिसायला कसा होता हे मला आजही सांगता येणार नाही.

बंगळुरात आमच्या घरापासून शिवाजीनगरच्या बसस्टँडकडे जाताना असे तीन गुत्ते लागत. त्यांची खरी नावं इंग्रजी आणि लांबलचक होती. पण प्रत्येकाच्या दारावर एक रंगवलेली पाटी लोंबत असे आणि लोक त्या चित्रावरूनच त्यांना ओळखत: घोडा, जहाज आणि कोंबडा. आमच्या घरी कधी दारूचा थेंब आला नाही, पण पाहुण्यांना पत्ता सांगताना अण्णा, म्हणजे माझे वडील, बिनदिक्कत सांगत, "कोंबड्यापाशी उजवीकडे वळा."

गोऱ्या पलटणी गेल्या आणि गिऱ्हाईक आटत गेलं. आधी घोडा बंद पडला. तिथं गाद्यांचं दुकान निघालं. दुकानदारानं काउंटरवरच कापूस रचला आणि घोड्याची पाटी उलटी करून मागच्या बाजूला पलंग रंगवून घेतला. मग जहाज बुडालं. आमच्या गल्लीत सगळे असंच म्हणाले. तिथं टायपिंगचा क्लास आला. जिथं ग्लासांची किणकिण ऐकू यायची तिथं आता ओळ संपल्याची घंटी वाजायची, आणि अर्ध्या दाराखालून बुटांऐवजी मुलींच्या चपला दिसायच्या. माझ्या वर्गातल्या काही मुलींचे वडील तिथं जाणारे होते. त्या मुलींना फार हळहळ वाटली. मला नाही वाटली. त्या चपला दिसल्या त्या दिवशी त्या दारावरून जाताना मी पहिल्यांदा मान वर केली.

कोंबडा सगळ्यांत शेवटपर्यंत टिकला. त्याचं पुढं जे झालं ते आमच्या अक्कामुळे झालं.

अक्का ही अण्णांची थोरली बहीण. आमच्यासारख्या जुन्या बंगळुरी मराठी घरांत थोरल्या बहिणीला कानडीप्रमाणं अक्काच म्हणतात, आणि अण्णा म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायचो. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा वारला. ती आमच्याकडे आली आणि राहिली. आमचं घराणं ह्या शहरात इतक्या पिढ्या काढलेलं की आमच्या मराठीत बरंचसं कानडी मुरलेलं. 'थोडं' हा शब्द अक्काच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ती 'स्वल्प' म्हणायची, आणि 'बरं' म्हणायच्या जागी 'सरी'.

त्या काळात शहरात नवे कारखाने आणि संशोधनाच्या संस्था उभ्या राहत होत्या. पुण्याची, नागपूरची, साताऱ्याची मुलं नोकरीला येत आणि खोल्या घेऊन राहत. अण्णा भिडस्त, पण बसस्टँडवर मराठी ऐकू आलं की त्यांना राहवत नसे. रविवारी त्यांच्यामागून दोघं-तिघं तरी जेवायला येत. पानात अक्काची पोळी पडली की ती मुलं एकदम गप्प होत. पुण्याचा एक हडकुळा इंजिनीअर तर एकदा म्हणाला, "अक्का, दोन महिन्यांत इतक्या इडल्या खाल्ल्यात की मला स्वप्नं पांढरी पडतात. तुम्ही खाणावळ काढा. आम्ही रांग लावतो."

सगळे हसले. अक्का हसली नाही. तिनं त्याला विचारलं, "रोज याल?"

त्याच वर्षी गणपतीला धारवाडचे काका आले. ते अण्णांचे धाकटे भाऊ. जेवता जेवता ते अण्णांना म्हणाले, "अक्काला आता आमच्याकडे पाठव. पोरं लहान, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, हिला एकटीला झेपत नाही. दिवाळीला येतो न्यायला."

अक्का तेव्हा त्यांच्याच पानात आमटी वाढत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. तिनं आमटी वाढली, मीठ हवं का विचारलं आणि आत गेली. मी मागोमाग गेले. ती चुलीपाशी बसून म्हणाली, "इथं मी भावाच्या घरची, तिथंही भावाच्याच घरची. फरक काय म्हणशील तर काही नाही. पण मला एकदा माझ्या नावाचं काहीतरी करून बघायचंय, आणि ते धारवाडला होणार नाही. दिवाळीपर्यंत खाणावळ उभी राहिली तर मी जात नाही. नाही राहिली तर ट्रंक भरते."

हे तिनं फक्त मला सांगितलं. मी कुणाला काही सांगत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

जागा मिळेना. मल्लेश्वरममध्ये एका घरमालकांनी अण्णांना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाईमाणूस खाणावळ चालवणार? आणि रोज परकी मुलं माझ्या जिन्यावरून वर-खाली करणार?" अण्णा चहा अर्धा टाकून परत आले. आणि त्याच सुमारास कोंबडा बंद झाला.

"कोंबडा रिकामा झालाय म्हणे," अक्का पोळी लाटता लाटता म्हणाली.

अण्णांचा घास हातातच राहिला. "अगं अक्का, गुत्ता तो!"

"होता. आता चार भिंती आहेत. दारू भिंतींना चढत नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना भूक लागली की विचारू."

कोंबड्याची मालकीण एक अँग्लो-इंडियन बाई होती. तिचा नवरा गेलेला, मुलं बोटीनं ऑस्ट्रेलियाला. तिला इंग्रजी येई, आणि नोकराचाकरांपुरतं तमिळ. अक्काला दोन्ही येत नव्हतं. "तू चल," अक्का मला म्हणाली. "कॉन्व्हेंटमध्ये घातलंय ते काही उगाच नाही."

मला चार भाषा येत होत्या आणि चारही भाषांत मी गप्प असे. शाळेत उत्तर येत असलं तरी हात वर करणं मला जमत नसे. त्या दिवशी मी अक्काच्या पदराचं टोक धरून कोंबड्याच्या अर्ध्या दारातून आत गेले. इतकी वर्षं ते दार मी बाहेरूनच पाहिलेलं. आत काळोख होता, गार होतं. लाल फरशी, गुडघाभर उंचीची बाकडी, समोर लांबच लांब तपकिरी काउंटर. खिडकीच्या काचा दुधी, त्यांत फुलं आणि इंग्रजी अक्षरं कोरलेली. बिअर सांडून सांडून फरशीला आलेला आंबूस वास. काउंटरच्या मागे भिंतीवर एक फळी होती. तिला ओळीनं पितळी हूक, आणि काही हुकांना कानाचे जड पेले टांगलेले.

"तिला विचार, ती इथं काय करणार," मालकीणबाई म्हणाल्या.

"म्हातारीला सांग, जेवण," अक्का म्हणाली.

मी 'म्हातारी' वगळून सांगितलं.

"मटण? चिकन?"

"काही नाही. भाजी-पोळी, वरण-भात."

मालकीणबाईंनी दारावरच्या पाटीकडे बोट केलं. "बाहेर एवढा मोठा कोंबडा, आणि आत तो मिळणार नाही?" आणि त्या हसल्या. मग त्यांनी अटी घातल्या. पाटी काढायची नाही. काउंटर तोडायचा नाही. हुकांची फळी तर हलवायचीच नाही; ती नवऱ्यानं स्वतःच्या हातानं ठोकली होती.

"हे पेले कसले टांगलेत?" अक्कानं मला विचारलं, मी त्यांना विचारलं.

रोजच्या गिऱ्हाइकांचे, त्या म्हणाल्या. प्रत्येकाचा आपला मग, आपला हूक, आणि बुडाशी नाव कोरलेलं. एकानं दुसऱ्याच्या मगातून प्यायचं नाही, अशी इथली रीत. एकदा एक नवखा चुकला तर मारामारी होता होता राहिली. आता कुणी देश सोडून गेलं, कुणी जग सोडून. पेले तेवढे राहिले.

अक्का ऐकून थक्क झाली. "म्हणजे ह्यांच्यातपण उष्टं पाळतात?"

'उष्टं'ला इंग्रजीत शब्द नाही. मालकीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या, अक्का माझ्याकडे बघत राहिली. मी कसंबसं म्हटलं, "माझी आत्या म्हणते, ही फार स्वच्छ सवय आहे."

मालकीणबाईंचा चेहरा उजळला. "तिला सांग, माझा नवरा फारच स्वच्छ माणूस होता."

भाडं तिथल्या तिथं ठरलं. बाकीचे पेले त्यांनी ट्रंकेत भरून नेले. खिडकीजवळच्या पहिल्या हुकावरचा एक तेवढा ठेवला. तो नवऱ्याचा. "हा इथंच राहील," त्या म्हणाल्या. मी भाषांतर करायच्या आधीच अक्का म्हणाली, "सरी."

मग आम्ही ती जागा धुतली. सोडा टाकून उकळतं पाणी ओतलं, नारळाच्या काथ्यानं फरशी घासली, पुन्हा धुतली, कोपऱ्याकोपऱ्यात ऊद फिरवला. वास गेला असं वाटायचं आणि दुपारी ऊन पडलं की पुन्हा यायचा. शेवटी अक्कानं काउंटरच्या टोकाला शेगडी ठेवली आणि त्यावर मोहरीची फोडणी केली. "वासाला वासच घालवतो," ती म्हणाली. दूध उतू घालवलं. अण्णा नारळ घेऊन आले, बाहेर पायरीवर बराच वेळ उभे राहिले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं आणि एकदम दार ढकलून आत शिरले.

अक्कानं एक खरेदी स्वतःच्या हौसेनं केली होती. बाजारातून नवे कोरे काचेचे ग्लास आणले होते. घरात आमच्याकडे पितळेची फुलपात्रं. पण खाणावळ म्हणजे हॉटेलसारखं नको का दिसायला? तिनं ते ग्लास लख्ख पुसून काउंटरवर ओळीनं उपडे मांडून ठेवले.

पहिल्या दिवशी मुलं आली. पुण्याचा इंजिनीअर आला, त्याच्यामागून त्याच्या खोलीवरचे आले. बाकडी भरली नाहीत, पण सुरुवात बरी होती. पोळ्या संपल्या, पिठलं संपलं. मी काउंटरमागे बसून बघत होते; लाजाळू माणसाला तेवढं एक येतं. कुणी पाणी पीत नव्हतं. प्रत्येकाच्या पानाशेजारी भरलेला ग्लास तसाच. एकाला ठेचा झोंबला, डोळ्यांतून पाणी आलं, उचक्या सुरू झाल्या. तो उठला, बाहेर गेला आणि रस्त्याच्या नळाला ओंजळ लावून पाणी पिऊन आला.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर मुलं कमी होऊ लागली. तिखट जेवण कोरडं गिळून माणूस किती दिवस येणार?

अण्णांनी बाहेर कानोसा घेतला. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे भागातले वडीलधारे गृहस्थ. नवी मुलं खोली शोधायला, ओळखपाळख करायला आधी त्यांच्याकडेच जात. ते मुलांना म्हणाले होते, "जेवायचं तर जेवा. शिजवणारी आपली बाई आहे. पण तिथल्या भांड्यातलं पाणी तोंडाला लावू नका. भांडी गुत्त्याची आहेत."

"गुत्त्याची?" अक्का कळवळली. "अरे नवी आहेत! दुकानातला कागदसुद्धा मी जपून ठेवलाय!"

"तू कुणाकुणाला कागद दाखवणार?" अण्णा म्हणाले.

दसरा झाला. एका दुपारी अक्कानं माळ्यावरची ट्रंक खाली काढली, उघडी करून अंगणात उन्हात ठेवली. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडला होता तो सगळ्या घरात पसरला.

त्या दिवशी मी एकटीच कोंबड्यात बसले होते. काउंटरवर ग्लास उपडे मांडलेले, खिडकीच्या दुधी काचेतून ऊन त्यांच्यावर पडलेलं. आणि मला दिसलं, की बाहेरून आत येणाऱ्याला काय दिसत असेल. हे ग्लास नवे असोत की जुने, ह्या काउंटरवर काचेचा ग्लास म्हणजे दारूचाच ग्लास. अक्कानं हॉटेलचा थाट आणायला जावं आणि गुत्ता होता तसा मांडून ठेवावा, तसं झालं होतं. वर भिंतीवर हूक होते, रिकामे. एकटा पहिला सोडून.

संध्याकाळी मुलं आली ती मोजकीच. अक्कानं पानं वाढली. मी उठून काउंटरच्या पुढे आले. हात मागे नेऊन काउंटरची कड धरली.

"उद्यापासून आपापलं भांडं आणा," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुण्याचा इंजिनीअर शेजारच्याला म्हणाला, "ही बोलते?"

दुसरी कुठली वेळ असती तर मी तिथंच थांबले असते. पण ट्रंक अंगणात उघडी होती. "इथली तशीच रीत आहे," मी म्हटलं. "आम्ही यायच्या आधीपासून. ते हूक त्यासाठीच आहेत. प्रत्येकाचं आपलं भांडं, आपला हूक. ह्या जागेत दुसऱ्याच्या भांड्यातून कधीच कुणी प्यायलेलं नाही."

"कधीच?"

"मालकीणबाईंना विचारा."

कुणीतरी हळूच हसलं. इंजिनीअरनं हुकांकडे पाहिलं, समोरच्या ग्लासाकडे पाहिलं, मग डोकं खाजवलं. "म्हणजे आमच्या आजीच्या घरापेक्षा हा गुत्ता सोवळा म्हणायचा. तिथं आम्ही सगळे एकाच तांब्यानं पितो." आणि एवढं बोलून तो अक्काला म्हणाला, "अक्का, आजच्यापुरतं ओंजळीत वाढा पाणी. उद्या भांडं आणतो."

अक्का कळशी घेऊन आली आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतत राहिली. तो कितीतरी वेळ पीत होता.

फुलपात्राला कान नसतो, ते हुकाला टांगायचं कसं, हा प्रश्न अक्कानं दुसऱ्या दिवशी सोडवला. तिला शिंकी विणता येत होती. पांढऱ्या सुताची लहान लहान शिंकी तिनं विणली, मीही विणली, आणि एकेका हुकाला एकेक अडकवलं. मुलं भांडी घेऊन आली. कुणाकडे आईनं निघताना बांधून दिलेलं फुलपात्र, कुणाकडे मामीनं मुंजीत दिलेला पेला, कुणाकडे चेपलेला लोटा. आणि आपल्याकडच्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असतंच: देणाऱ्याचं, प्रसंगाचं, गावाचं. मालकीणबाई बघायला आल्या तेव्हा मी त्यांना एकेक नाव वाचून दाखवलं. त्यांनी नवऱ्याचा मग उलटा करून मला त्याचं नाव दाखवलं. मग त्या नावाकडे आणि आमच्या भांड्यांवरच्या नावांकडे त्या आळीपाळीनं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याला हे आवडलं असतं. पण तुमच्या लोकांचं अक्षर जास्त चांगलं आहे."

बातमी बसस्टँडवरून कारखान्यांत पोचली. गुत्त्यात जेवायला जाणं ही मुलांना गंमत वाटू लागली, आणि आपलं भांडं टांगायला हूक असणं हा मान. "आज कोंबड्यात काय आहे?" असं ते बसमध्ये मोठ्यानं एकमेकांना विचारत. "भरली वांगी!" असं कुणीतरी ओरडून सांगे, आणि बसमधले बाकीचे लोक चक्रावून बघत.

अक्काला चिडवायलाही ती शिकली.

"अक्का, भात स्वल्प वाढा. पण आधी सांगा, स्वल्प म्हणजे किती?"

"ताटाचा काठ दिसेनासा होईपर्यंत. खा मुकाट्यानं."

एक दिवस दुपारी दार जरा सावकाश उघडलं. मंडळाचे अध्यक्ष आत आले. टोपी, कोट, हातात काठी. त्यांनी जागा पाहिली, फरशी पाहिली, खाली वाकून वासही घेतला असावा. मग मान वर करून हुकांवरची नावं एकेक करून वाचली. अक्का कंबरेला पदर खोचून उभी होती. तिनं वाकून नमस्कार केला नाही.

"ही रीत कुणाची?" त्यांनी विचारलं.

"मालकीणबाईंच्या यजमानांची," अक्का म्हणाली.

"गृहस्थ चांगला असला पाहिजे." त्यांनी कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं चांदीचं फुलपात्र काढलं आणि बाकावर बसले. घरून निघतानाच ते बरोबर घेतलं होतं, म्हणजे काय ठरवून आले होते ते उघड होतं. जेवून उठताना त्यांनी ते अक्कापुढे धरलं. खिडकीकडून दुसरा हूक त्यांना मिळाला, मालकीणबाईंच्या नवऱ्याच्या शेजारचा.

दिवाळीला धारवाडचे काका आले. स्टेशनवरून थेट घरी आले तर घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, "सगळे कोंबड्यात आहेत." काकांनी तिला दोनदा विचारून घेतलं म्हणे.

ते आले तेव्हा आत दुसरी पंगत चालू होती. सणाला गावी न गेलेली सगळी मुलं आलेली. अक्काच्या नव्या ग्लासांचंही काम निघालं होतं: अर्धं पाणी, वर तेल, त्यावर तरंगती वात, असे दिवे करून आम्ही ते काउंटरवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लावले होते. मालकीणबाई पहिल्या हुकाखाली खुर्चीत बसून नवऱ्याच्या मगातून ताक पीत होत्या. अण्णा, पायरीवर थबकून दोन्हीकडे बघणारे अण्णा, धोतर वर खोचून जिलेबी वाढत होते.

काका दारात उभे राहिले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात टोपी.

"बस," अक्का त्यांना जाता जाता म्हणाली. "ही पंगत उठू दे. जागा झाली की वाढते."

ते काउंटरपाशी स्टुलावर बसले. बराच वेळ बसले. अक्का पोळ्यांची चवड घेऊन त्यांच्यासमोरून कितीदा तरी गेली, आली. मुलं तिला हाका मारत होती. एकाला आमटी हवी होती, एकाला तूप, एकाला नुसतंच भांडायचं होतं. काका तिच्याकडे बघत होते. मला वाटतं, तिला इतका वेळ लावून त्यांनी पूर्वी कधी पाहिलंच नसावं.

शेवटी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पाणी दे गं स्वल्प."

त्यांच्या तोंडूनही स्वल्पच. मी कळशी उचलली. मग ठेवली.

"काका, तुमचं भांडं आणलंय का?"

पंगतीत एकदम हशा पिकला. काकांना काही कळेना. पुण्याच्या इंजिनीअरनं त्यांना हुकांची सगळी रीत समजावून सांगितली, जणू त्यानंच ती काढली होती. काकांनी हुकांची ओळ पाहिली. एकही रिकामा नव्हता. मग ते अक्काला म्हणाले, "मी दोघांची तिकिटं काढलीयत परतीची."

अक्का थांबली. हातातली चवड तिनं काउंटरवर ठेवली, दिव्यांच्या मधोमध. "एक परत कर," ती म्हणाली. "आणि तुझ्या बायकोला सांग, एखादी बाई ठेव कामाला. मी आता पगार घेतल्याशिवाय पोळ्या लाटत नाही."

काका उठले, दार ढकलून बाहेर गेले. अण्णा घाबरून त्यांच्यामागे निघाले तर अक्का म्हणाली, "राहू दे. येईल."

ते आले. बाजारातून एक नवं पितळेचं फुलपात्र विकत घेऊन आले, नाव न कोरलेलं. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि मी ते काठोकाठ भरलं. पाणी पिऊन झाल्यावर ते हुकांकडे बघत राहिले.

"वर्षातून एकदा येणाऱ्याला हूक मिळत नाही," अक्का म्हणाली. मग त्यांच्या पानात पोळी टाकून पुढे म्हणाली, "पण भांडं ठेवून जा. बघू."

मी हात धुवायच्या निमित्तानं बाहेर आले. रस्त्यावर उभं राहून अर्ध्या दाराकडे पाहिलं. जेवायला बसताना सगळ्यांनी पायताणं बाहेर काढलेली होती. दारापासून पार गटारापर्यंत चपला, सँडल, बूट, एकमेकांवर चढलेले, आणि त्यांत मालकीणबाईंचे उंच टाचेचे काळे जोडेही. त्यांनाही अक्कानं सोडलं नव्हतं. वर पाटीवरचा कोंबडा मान ताठ करून उभा होता. मी त्याच्याकडे बघत होते तेवढ्यात आतून अक्काची हाक आली, "अगं, कुठं गेलीस? तिसरी पंगत बसवायचीय. बाहेर कोण उभं असेल त्याला हाक मार. मोठ्यानं मार!"

आणि मी मारली.